साफ झाला?

माणूस भेटला की लोक विचारतात, काय, बरं आहे ना? आमचा दत्ताराम राणे विचारतो, "साफ झाला?"

म्हणजे पोट. सकाळी संडासच्या लायनीत विचारतो, जिन्यात विचारतो, वाण्याकडे विचारतो. समोर नवी सून आहे का कुणाची सासू, काही बघत नाही. बायका म्हणतात, मेल्या म्हाताऱ्याला लाज नाही. एकदा चाळीत मुलगी बघायला पाहुणे आले, तर जिन्यातच मुलाच्या बापाला विचारलं, "साफ झाला?" आम्ही कपाळाला हात लावला. पण त्या गृहस्थाला तीन दिवस होत नव्हतं. दोघं अर्धा तास इसबगोलावर बोलत बसले. लग्न जमलं.

दुसरी खोड म्हणजे राणे कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. तुमच्या कमरेकडे बघून बोलतो. म्हणतो, "तोंड लबाड असता. मागची बाजू खोटा बोलणा नाय."

त्याचं आयुष्यच मागच्या बाजूला गेलं. जोगेश्वरीहून सायकल मारत आरेच्या दूध कॉलनीत जायचा. तिथं म्हशींच्या युनिटवर ढोरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होता. डॉक्टर सुई देणार, हा शेपटी उचलून धरणार. रिटायर झाला तरी हात थांबत नाही. चाळीतलं मांजर दिसलं की आधी शेपटी वर. मांजरं त्याला ओळखून आहेत. तो आला की भिंतीला पाठ लावून बसतात.

मी त्याला हसायचो. आमची सुशीला हसायची नाही. ती म्हणायची, "तुम्ही कधी कुणाला इतकं तरी विचारलंय का?"

सुशीला जाऊन आठ महिने झाले. हृदयाचं होतं. चहा ठेवते म्हणाली आणि ओट्यापाशी बसली, ती उठलीच नाही. मागं राहिलो मी आणि तिची मांजर, ठमी. मला मांजराची आवड नाही. पण सुशीलाचा आवाज ओळखणारं या घरात माझ्याशिवाय ते एकच. मी चुकून ठमीच्या भांड्यावर चमचा वाजवला तर ती अजून ओट्याकडे धावते, आणि तिथं कुणी नाही बघून माझ्याकडे बघते. ही पण गेली तर सुशीला दुसऱ्यांदा जाणार, एवढं मला कळत होतं.

तर ठमी ढुंगण घासायला लागली. पुढचे पाय ताणायचे, मागचे वर करायचे आणि दारापासून मोरीपर्यंत लादीवरून स्वतःला ओढत न्यायचं. मला वाटलं, शोक करते. माणूस छाती बडवतो, मांजर लादी घासत असेल. मी तिला म्हणालो पण, घास बाई, तुझं तरी कुणाला कळतंय. मी आपला खुर्चीत बसून बघायचो. पंधरा दिवस ती घासत होती आणि मी बघत होतो.

मग ती तिथं सारखी चाटायला लागली. केस गेले. शेपटीखाली एका बाजूला लाल सुजलं. जवळ आली की सुकटीसारखा वास. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे दुखणं आहे. आणि आमच्या घरात दुखण्याला एकच औषध होतं. बाम. डोकं, कंबर, गुडघा, सर्दी, सगळ्याला सुशीला बामच लावायची. तिची डबी फळीवर तशीच होती. आत तिच्या बोटाचा खड्डा पडलेला. आठ महिने मी ती डबी नुसती उघडून बघायचो, हात लावला नव्हता. त्या दिवशी त्याच खड्ड्यात बोट घातलं आणि ठमीला लावलं.

पुढचं काय सांगू. मांजर नाही, फटाका झाला. कॅलेंडर पाडलं, माझा हात फाडला आणि पोटमाळ्यावर पत्र्याच्या पेटीमागं जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत खाली आली नाही. मी हाका मारल्या, चमचा वाजवला. रात्र तशीच गेली. ठमी नाही, तर मी पण जागचा उठलो नाही.

सकाळी मी लायनीत दिसलो नाही म्हणून राणे दारात. "पवार, साफ झाला?"

"गप रे. मांजर मरायला लागलंय."

बामाचा वास त्याला दारातच आला. मी सांगितलं. तेव्हा त्यानं मला अशी शिवी घातली की पोटमाळ्यावर ठमीसुद्धा हलली. "अरे घाट्या, कापूर असता त्याच्यात! मांजराक विष ता! ती चाटतली आणि मरतली!"

सत्तरी पार केलेला माणूस शिडी लावून वर चढला. पेटीमागं हात घालून काय बोलला माहीत नाही, गो बाये, गो बाये, एवढंच ऐकू आलं. ठमीला छातीशी धरून खाली आला. कोमट पाण्यात फडकं बुडवून, साबण लावून, हळूहळू बाम पुसून काढला. मग शेपटी उचलून मला म्हणाला, "हय बघ. ढुंगण म्हणजे घड्याळ धर. चारच्या जागेर वासाची एक पिशवी, आठच्या जागेर एक. हगताना दाबून रिकामी होतत. नाय झाली तर भरतत, मगे घासता. आठची सुजली हा. हात लावू नको. डॉक्टर."

भाजीच्या पिशवीत ठमी, फक्त मुंडकं बाहेर. रिक्षात राणे म्हणाला, "काय घालतस हिका?"

"चहात बुडवलेली चपाती. कधी बिस्किट."

"आणि सुशीला काय घाली?"

सुशीला बांगडा उकडून काटे काढायची, त्यात दोन बोटं लाल भोपळा कुस्करायची. मला वाटायचं भोपळा फुकट घालवते. ते राणेनंच तिला सांगितलेलं होतं. भोपळ्यानं शी घट्ट होते, घट्ट झाली की पिशव्या दाबल्या जातात. सुतकात आमच्याकडे मासळी बंद झाली, ती मी पुन्हा आणलीच नाही. चहा-चपातीनं ठमीचं पोट पातळ, पिशव्या तुंबल्या.

"आणि तू काय खातंस?" राणेनं विचारलं.

मी रस्त्याकडे बघितलं. "तेच."



दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी हातमोजे घालून पिशव्या पिळल्या. वासानं मी दाराबाहेर गेलो, राणे मात्र आणखी वाकून बघत होता. जंत नाहीत ना, तांदळाच्या दाण्यासारखे, हे त्यानंच विचारलं. बाई म्हणाल्या, दोन दिवस उशीर झाला असता तर फुटलं असतं. बामाचं ऐकून त्यांनी मांजराला दुपारपर्यंत तिथंच ठेवून घेतलं.

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. मी बसल्या बसल्या बोललो, "राणे, तू मांजरांची इतकी ढुंगणं बघतोस, घाण नाही वाटत?"

तो माझ्या कमरेकडे बघतच म्हणाला, "आमची बायको शालिनी, दोन वर्षां संडासच्या वाटेन रक्त जाता म्हणान बोलूक नाय. लाज. मी विचारी, बरा हा मां? ती हसा. मी तोंडाक बघलंय, हसता म्हणान गप रवलंय. कळला तेव्हा डॉक्टर म्हणालो, उशीर झालो." भाजीची रिकामी पिशवी त्यानं घडी करून मांडीवर ठेवली. "तीस वर्षां म्हशींच्ये शेपट्यो उचललंय रे पवार. घरात विचारूक नाय."

मी तर आठ महिने ओट्याकडे बघत बसलोय. त्या दिवशी चहा ठेवायच्या आधी सुशीलानं दोनदा पाठीला बाम चोळला होता. मी पेपर वाचत होतो.

दुपारी ठमीला घेऊन घरी आलो. वाटेत बांगडा घेतला, भोपळ्याची फोड घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच राणेच्या दारात गेलो. तो स्टोव्हपाशी उकिडवा बसला होता.

"राणे," मी म्हणालो, "साफ झालं का?"

त्यानं मान वर केली. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी उलटं विचारलं नव्हतं. पहिल्यांदा तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळे घारे आहेत त्याचे, मला माहीतच नव्हतं.

"नाय रे," तो म्हणाला. "चार दिवस झाले."

"काय खातोस?"

तो पुन्हा खाली बघायला लागला. पुढ्यात कपात चहा होता आणि चहात बुडलेला बेकरीचा कडक बटर.

"चल," मी म्हणालो. "बांगडा उकडलाय. भोपळा पण आहे."

"मांजराचा जेवण माका घालतस?" म्हणाला, आणि शर्ट शोधायला लागला.