शेख सरांचा हिवाळा

आमच्या शाळेत मुलांचे स्वेटर हरवत नाहीत, नुसते सापडतात. ही करामत शेख सरांची.

पुनावळ्याच्या बाजूला आमची छोटी प्राथमिक शाळा आहे. मी दुसरीला शिकवते, शेख सर चौथीला. सर मूळचे लातूरकडचे, उंच आणि किडकिडीत. दिवाळीची सुट्टी संपली की मानेला मफलर गुंडाळून येतात, तो शिवजयंतीपर्यंत उतरत नाही. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज सकाळी हिवाळ्याच्या बातम्या लिहायचं काम त्यांनी, कुणी सांगितलं नसताना, स्वतःकडे घेतलंय. 'आजचे तापमान बारा. नळाचे पाणी गार आहे, तरी तोंड धुऊनच यावे. तिसरीच्या श्रेयाचा पुढचा दात पडला. दात ऑफिसात आहे, मालकिणीने घेऊन जावा. नोंद घ्यावी.'

हे 'नोंद घ्यावी' फळ्यावरून त्यांच्या जिभेवर कधी आलं कुणास ठाऊक. चहात साखर कमी असली तरी नोंद घ्यावी, छत्रपतींच्या धड्याला वर्ग गप्प बसला तरी नोंद घ्यावी. एकदा फोनवर बायकोला म्हणताना ऐकलं, "निघालोय, नोंद घ्यावी." पलीकडून काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबर लागला की आसपासच्या उंच सोसायट्यांमधून जुन्या कपड्यांची पोती येतात. लोक काय देतील याचा नेम नसतो. एका वर्षी नवरदेवाची शेरवानी आली होती, एका वर्षी पोहण्याचे कपडे. शेरवानी सरांनी स्नेहसंमेलनातल्या राजासाठी ठेवून घेतली. बाकी प्रत्येक स्वेटर ते मधल्या सुट्टीत हुंगून बघत, बटणं लावत, चेन ओढून पाहत आणि कॉलरच्या आत कुणाचं नाव शिवलेलं असेल तर ते ब्लेडने उसवून काढत. मग फळ्यावर बातमी येई: 'काल शाळेत उबदार कपडे आले. कोठून आले हे कपड्यांनाही ठाऊक नाही.' एका सोसायटीच्या अध्यक्षीण बाई यावर फार नाराज झाल्या. पाच पोती पाठवून नाव नाही म्हणजे काय, असं त्या मुख्याध्यापिकांना फोनवर विचारत होत्या. सरांनी ती नाराजी ऐकून घेतली आणि बातमी आहे तशीच ठेवली.

कपडे ते वाटत नसत. ऑफिसमागे दोरी बांधून तिथे टांगत आणि वर पाटी लावत: 'हरवले-सापडले'. एखादं पोर कुडकुडत आलं की त्याला हाक मारत. किती दिवस तुझा स्वेटर इथं पडलाय, नेत कामून नाहीस, असं दरडावून विचारत. पोरगं म्हणे, माझा नाही सर. सर म्हणत, घालून बघ, बरोबर बसला तर तुझाच. तो बरोबरच बसे, कारण माप आदल्या दिवशी डोळ्यांनी घेतलेलं असे.

एकदा पलीकडच्या साइटवर काम करणारी एक आई स्वेटर धुऊन, घडी घालून परत घेऊन आली. पोरीनं चोरला असेल, अशी तिला भीती होती. सरांनी उभं राहून तिला सांगितलं की मुलीची काही चूक नाही, वस्तू शाळेनंच हरवली होती, शाळेनं माफी मागायला पाहिजे. आणि खरोखर मागितली. मी स्टाफरूममध्ये ही गोष्ट पुष्कळ दिवस रंगवून सांगत असे.

मागच्या हिवाळ्यात चाकणच्या एका कंपनीने चाळीस नवे स्वेटर द्यायचं कळवलं. अट एकच होती. छोटा कार्यक्रम, स्टेजवर मुलं, आणि अहवालासाठी फोटो. सरांनी मुख्याध्यापिकांना दोनदा विनंती केली की स्वेटर घ्या, फोटो नको. त्यांचाही नाइलाज होता. मी सरांना म्हणाले, दोन मिनिटांचा फोटो आहे सर, पोरांना नवीन कपडा मिळतोय. कार्यक्रमाच्या दिवशी सरांनी रजा टाकली. इतक्या वर्षांत त्यांची रजा मी पहिल्यांदा पाहिली.

माइकवरून नावं मी वाचली. माझ्या वर्गातली शिवानी सहावी होती. तांबडा स्वेटर घेऊन ती कंपनीच्या साहेबांशेजारी उभी राहिली आणि सांगितलं तेव्हा हसली.

सोमवारी ती स्वेटर न घालता आली. मंगळवारीही. मी विचारलं तर फ्रॉकच्या बाह्या ओढत म्हणाली, "बाई, मला थंडी वाजत नाही." खरं कारण बाकावरच्या मैत्रिणीकडून कळलं. पेन्सिलीवरून भांडण झालं होतं आणि कुणीतरी म्हणालं होतं, तू गप बस, तुझा स्वेटर तर फुकटचा.

मी शेख सरांकडे गेले. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. दोरीवरचा एक निळा स्वेटर काढून ते शिवानीला शोधायला गेले आणि नेहमीसारखं दरडावून म्हणाले, हा तुझा किती दिवस इथं पडलाय. शिवानीने त्या स्वेटरकडे नीट पाहिलं. "हरवलेला नाही सर," ती म्हणाली, "हा पण वाटपाचाच आहे." आणि वर्गात निघून गेली. ती थंडी तिने तशीच काढली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर सर व्हरांड्यात बसून राहिले होते. मी शेजारी बसले.

"मी पण काढला होता, मॅडम," ते म्हणाले. "फोटो."

त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. शाळा निगडीकडची. हातात नवीन कॅमेरा होता आणि फळ्यावर फोटोसकट बातम्या लावायचा उत्साह होता. तिसरीत सरिता नावाची मुलगी होती. बाप गवंडी. प्रश्न पूर्ण होण्याआधी तिचा हात वर जायचा. सरांनी तिला स्वेटर देतानाचा फोटो लावला आणि खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'गरजू विद्यार्थिनीस स्वेटर वाटप', पुढे तिचं पूर्ण नाव. दुसऱ्या दिवसापासून पोरं तिला 'वाटप' म्हणायला लागली. ए वाटप, इकडे ये. आठवड्याभरात तिने हात वर करणं सोडलं. मग एक दिवस सरांच्या टेबलावर स्वेटर घडी करून ठेवलेला मिळाला आणि ती आली नाही. सर तिच्या घरी गेले तर खोलीला कुलूप. साइट संपली, बिऱ्हाड हललं, एवढंच शेजारी सांगू शकले.

"स्वेटरचं काय केलंत?" मी उगाच विचारलं.

"दुसऱ्या मुलीला दिला. थंडी होती ना."

मग हळूहळू कळलं की हिवाळ्यातल्या रविवारी सर घरी मटण आणायला म्हणून निघतात आणि संध्याकाळी मोकळ्या हातांनी परत येतात. बायकोला माहीत आहे, ती रविवारी आधीच वरण लावून ठेवते. सर बांधकामाच्या साइट्सवर जाऊन सरिताची चौकशी करतात.

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर माण गावाला गेले. आयटी कंपन्यांच्या मागे नवीन इमारती उठत होत्या आणि खाली मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. एका खोलीपुढे एक म्हातारी नातवाला मांडीवर घेऊन उन्हाला बसली होती. सरांनी विचारलं. म्हातारीने मुलीचं वय किती म्हणून विचारलं.

"आठ वर्षांची होती," सर म्हणाले. "आता तेवीस-चोवीसची असेल."

"लगीन झालं असंल मग. नावबी बदललं असंल. वळखाल का तुमी?"

सरांनी नकारार्थी मान हलवली.

"कोण लागती तुमची?"

मफलरचं टोक बोटाला गुंडाळत सर उभे राहिले. "माझ्या वर्गात होती," ते शेवटी म्हणाले.

म्हातारीने बाजूला सरकून आम्हाला जागा दिली. म्हणाली, बसा, तासाभरात बाया कामावरून येतील, त्यास्नी इचारा. आतून कोरा चहा आला. सर कप हातात धरून रस्त्याकडे बघत राहिले.

बायका आल्या, सिमेंटने पांढऱ्या झालेल्या, दहा-बारा जणी. त्यांत सरिता कुणीच नव्हती. सर एकेकीपुढे जाऊन उभे राहत होते. मी थोडी मागे होते, म्हणून मला नीट ऐकू आलं. प्रत्येकीला ते आधी म्हणत होते, "माझं चुकलं होतं, ताई," आणि मग नाव विचारत होते.