आदरणीय व इतर

बावीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय मी, आणि पत्रिकेत नाव सुटलं म्हणून आजवर माझ्या दुकानातून एकही मामा रुसून गेलेला नाही! हे मी छाती ठोकून सांगतो. पिपरी मेघेत येऊन 'माणिकभाऊ पत्रिकावाले' एवढंच विचारा, कुणीही हात धरून आणून सोडेल.

पत्रिका छापणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कोण निमंत्रक, कोण विनीत, कुणाला नुसतं 'श्री.' पुरतं आणि कुणाला 'आदरणीय' लावावंच लागतं... इथे चुकलात की दोन घरांचं बोलणं पाच वर्षं बंद! म्हणून माझी पुतणी शाल्मली लॅपटॉप घेऊन दुकानात आली आणि म्हणाली, "काका, माझ्या पेपरच्या शेवटी संदर्भांची यादी आहे, तेवढी तपासून द्याल?" तेव्हा मला हसूच आलं.

"किती नावं?"

"एकतीस."

"बस? अगं, परवाच्या पत्रिकेत नुसते बालगोपाळ चाळीस होते!"

"काका, ही ए.पी.ए. शैली आहे. आधी आडनाव, मग नावाचं आद्याक्षर, मग कंसात साल. इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. स्वल्पविराम, तिरपा टाइप, एवढंच बघा. बाकी कशाला हात लावू नका."

शाल्मली पीएच.डी. करते. विषय वांगी. रोपाची मुळं आंबट ताकात बुडवून लावली आणि नंतरही ताक घालत राहिलं, तर झाड 'मर' रोग लागून वाळायचं थांबतं का, यावर तिने दोन वर्षं घातलीत. हा ताकाचा तोडगा तिला सांगितला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे रोहण्याच्या दौलतराव झाडे यांनी. प्रयोगही त्यांच्याच वावरात. पहिल्या हंगामाचा पेपर शनिवारी पाच वाजेपर्यंत एका इंग्रजी नियतकालिकाकडे गेला नाही, तर प्रबंध सहा महिने पुढे. आणि दुसऱ्या हंगामाची रोपं त्याच वावरात गुडघाभर वाढून उभी होती.

शनिवारी तिला कॉलेजात परीक्षेचं काम होतं. अकरा ते पाच. मोबाइल बाहेर जमा.

"चार वाजता हे बटण दाबा, पेपर तयार होईल. मग हे दुसरं दाबा, सगळं तिकडे जाईल," तिने शिकवलं. "आकडे, हिशोब, मजकूर, यादी, सगळं एकाच ठिकाणी बांधलंय. तिकडचे लोकही आपल्या मशीनवर बटण दाबून पाहतात. तंतोतंत हेच आलं पाहिजे, तरच संशोधन खरं."

"तू बिनधास्त जा! पत्रिकावाल्याला यादी शिकवतेस?"

शनिवारी सकाळी लॅपटॉप दुकानात ठेवून ती गेली. बारापर्यंत मी एकतीस नावं तपासून टाकली. दोन स्वल्पविराम आणि एक टिंब, एवढीच चूक! पाय लांब करून चहाचा पहिला घोट घेतला आणि दारात पिशवीभर वांगी घेऊन मामाजी, म्हणजे माझे सासरे, उभे! आर्वीच्या बसने आले होते.

"जवाईबापू, पोरीचा पेपर छापून राह्यले म्हणे तुमी? पाहू द्या बरं."

मी पडद्यावर यादी दाखवली. मामाजींना इंग्रजी येत नाही, पण त्यांनी एकेक नाव मोठ्याने वाचायला लावलं.

"हा कोन?"

"ऑस्ट्रेलियाचा प्रोफेसर."

"आपल्या वावरात आलता का कधी?"

"नाही, मामाजी."

"अन् हा?"

"ब्राझीलचा."

"यानं ताक पाह्यलं तरी हाय का?" एकतिसावं नाव झालं. मामाजी थांबले. "मायं नाव कुठी हाय?"

मी वर पाहिलं, खाली पाहिलं. नव्हतं! बावीस वर्षांत पहिल्यांदा नाव सुटलं, आणि तेही सासऱ्यांचं! शोधता शोधता पान तीनवर, मजकुरात, कंसात सापडले: 'डी. झाडे, व्यक्तिगत संवाद'.

"हे पाहा, आहात की! कंसात."

"कंसात?" मामाजी ताडकन उठले. "वावर मायं, वांगे माये, अकलही माईच, अन् मले कंसात टाकून राह्यले? त्या ऑस्ट्रेलियावाल्याले पाटावर अन् मले वसरीत? उद्या सकाळी उभ्या झाडाईवर वखर घालतो वावरात! ठेवा तुमची पीएच.डी.!"

आमचे मामाजी बोलले की करतात. धाकट्या भावाशी बांधावरून वाजलं होतं, तेव्हा हातची तूर मोडली होती त्यांनी. शाल्मलीचा दुसरा हंगाम माझ्या डोळ्यांसमोर उताणा पडला. तिला फोन लावला, बंद. साडेबारा वाजले होते.

"बसा, मामाजी, बसा! आत्ता टाकतो."

यादीच्या फायलीत चौकोन होते. आडनाव, आद्याक्षर, साल, ग्रंथाचं नाव, प्रकाशक. भरले: झाडे, डी., २०२४. ग्रंथाचं नाव? 'वांगे व ताक'. प्रकाशक? 'मु. पो. रोहणा, ता. आर्वी'. पान तीनवर 'व्यक्तिगत संवादा'च्या जागी हीच नोंद जोडली आणि बटण दाबलं.

मामाजींचं नाव आलं. बत्तिसावं. सगळ्यांत खाली! इंग्रजीत झाडे म्हणजे झेड, त्याला मी काय करणार?

"खाली?" मामाजींनी पिशवी उचलली.

मी घाईने तयार पानावर त्यांना उचलून पहिल्या क्रमांकावर ठेवलं. मामाजी बसले. मग एक टिंब राहिलं म्हणून पुन्हा बटण दाबलं, मामाजी खाली! पुन्हा वर ठेवलं, बटण दाबलं, पुन्हा खाली! विहिरीतल्या बादलीसारखं सहा वेळा वरखाली झालं. तिकडचे लोकही बटण दाबणार म्हणजे मामाजी तिकडेही तळालाच जाणार. तेवढ्यात माझी बायको जया चहा घेऊन आली.

"बाबाले खाली काऊन ठेवलं?" तिने विचारलं. "अन् साधं आदरणीयही लावलं नाई?"

आदरणीय! डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आदरणीय म्हणजे इंग्रजीत दोन ए! आडनावाच्या चौकोनात 'झाडे'च्या जागी मी 'आदरणीय' टाइप केलं, बटण दाबलं... आणि मामाजी ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर जाऊन बसले! कितीही वेळा दाबा, पहिलेच! स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की जयाकडून आणखी एक चहा मागितला.

इथे थांबलो असतो तर! पण मामाजींनी आनंदाच्या भरात रोहण्याला फोन लावला. पलीकडे सासूबाई, सखूबाई.

"त्याईचं नाव पयलं? बरं. अन् ताक कोनं घुसळलं?"

मामाजींनी फोन माझ्यापुढे धरला.

"मामीजी, टाकतो," मी म्हणालो.

"टाकाच. अन् मंग हरिभाऊचंही टाका. म्हैस त्याची होती. उद्या दूध बंद केलं तं दुसऱ्या सालचं ताक कायचं करू?"

बरोबर होतं! शेजारचे हरिभाऊ भोयर तसे मामाजींना चालत नाहीत, पण म्हशीपुढे इलाज नव्हता. मी मामाजींच्याच चौकोनात आणखी दोघांना बसवलं. तिघेही आदरणीय. बटण दाबलं. यादीत तिघे ओळीने आले, पण मजकुरात उमटलं: 'आदरणीय व इतर'. ए.पी.ए.चा नियमच आहे म्हणे, तीन नावं झाली की पहिलं ठेवायचं आणि बाकीच्यांना 'व इतर'!

मामाजींनी हे फोनवर प्रेमाने वाचून दाखवलं.

"मी इतर?" फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागला. "पस्तीस साल संसार केला, अन् मी इतर? आजपासून ताक बंद! त्या इतरालेच म्हना घुसळाले!"

तीन वाजले. शेवटी तिघांना तीन वेगळे ग्रंथ दिले. 'वांगे व ताक' मामाजींचा, 'ताक' सासूबाईंचा आणि 'म्हैस' हरिभाऊंचा. सगळे २०२४चे, सगळे मु. पो. रोहणा. मजकुरात तिघेही स्वतंत्र झळकले: 'डी. आदरणीय, एच. आदरणीय, एस. आदरणीय'. रोहणा शांत झालं. चार पंचावन्नला मी दुसरं बटण दाबलं आणि घरातले सगळे मान राखून पेपर परदेशी रवाना झाला!

साडेपाचला शाल्मली आली. "गेलं ना, काका?"

"अगदी दिमाखात!"

तिने पेपर उघडला. पहिलं पान हसत, तिसरं पान हळूहळू, आणि शेवटचं पान फार वेळ.

"काका, हे आदरणीय कोण?"

मी सांगितलं. सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नवरीमुलीचे वडील बसतात त्या स्टुलावर बसली आणि ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "दोन वर्षं, काका. न लिहिलेली पुस्तकं यादीत घातली, तर मी खोटी ठरते. आणि उत्तर येईपर्यंत आता काही बदलताही येत नाही."

मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू! पुतणीचं नाव राखायला बसलो होतो आणि तेच घालवलं होतं. मामाजी पिशवीतली वांगी उगाच मोजत बसले.

तिने त्याच संध्याकाळी खरं काय ते कळवणारं पत्र पाठवलं. माझ्या डोक्यावर तलवार लटकली ती सव्वा महिना. मग एके दिवशी ती उत्तर घेऊन दुकानात आली. नेमके मामाजी हजर. तिने वाचून दाखवलं.

'आम्ही हे काम दोन वेगळ्या संगणकांवर चालवून पाहिलं. आकडे दशांशापर्यंत तेच आले. यादीही तंतोतंत तीच आली. मात्र आदरणीय घराण्यातल्या तिन्ही संशोधकांचे ग्रंथ आम्हाला कुठेच मिळाले नाहीत. आपलं खुलाशाचं पत्र नंतर हाती पडलं, तोवर आमच्या ग्रंथपालांनी "म्हैस" शोधण्यात दोन दिवस घालवले होते. ही तीन नावं यादीतून काढावीत. बाकी पेपर स्वीकारण्यास हरकत नाही.'

मी खुर्चीतून उडालोच! पण 'काढावीत' ऐकून मामाजींचा हात पिशवीकडे गेला. शाल्मली त्यांच्या शेजारी बसली.

"आबाजी, त्या यादीतल्या एकाशीही मी कधी बोलले नाही. त्यांचं नुसतं वाचलं. तुमच्याजवळ बांधावर बसून शिकले, म्हणून तुमच्या नावापुढे 'व्यक्तिगत संवाद' लिहिलं. तो मान एकतीस जणांत कुणालाच नाही."

मामाजींनी पिशवी खाली ठेवली. "म्हंजे कंस फक्त मले?"

"फक्त तुम्हाला."

"असं होय!" ते माझ्याकडे वळले. "मंग हे जवाईबापूनं काऊन नाई सांगतलं?"

चार वाक्यांत मिटणारी गोष्ट होती, आणि मी चार तास चौकोन भरत बसलो होतो.

परवा पेपर छापून आला. शेवटी शाल्मलीने आभार मानलेत. दौलतराव झाडे आहेत, सखूबाई झाडे आहेत, हरिभाऊ भोयर आहेत, त्यांची म्हैससुद्धा आहे! मी ओळ न् ओळ वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. बावीस वर्षांत कुणाचं नाव सुटू न देणारा मी, आणि माझंच नाव नाही!

रुसण्याचं माझं वय नाही. तरी सहज विचारल्यासारखं विचारलंच. "शाल्मली, चुकून एखादं नाव राहिलं का गं?"

"नाही हो, काका. शेवटचे दोन शब्द वाचा ना."

मी वाचले. 'व इतर.'

मामाजी माझ्या खांद्यावरून डोकावत होते. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बसलं न नाव, जवाईबापू! अन् थेही बिना कंसाचं!"