धार शाबूत आहे

साधन हे वापरण्यासाठी असतं, असा एक गैरसमज समाजात फार पूर्वीपासून चालत आलेला आहे. कात्री दिसली की काहीतरी कापावं, डिंक दिसला की काहीतरी चिकटवावं, ही माणसाची हलकी वृत्ती. वापरलं की झिजतं, झिजलं की बिघडतं, बिघडलं की फेकावं लागतं. तेव्हा ज्याला वस्तूची खरी कदर आहे त्यानं ती वापरूच नये, हे शेंबड्या पोरालाही पटेल इतकं सरळ आहे. साहेबांना ते पटलं होतं. वहिनींना पटलं नव्हतं, पण वहिनींना तशा पुष्कळ गोष्टी पटत नसत.

साहेब म्हणजे आवक-जावक विभागातले निवृत्त साहेब. नोकरी सुटली तरी हे नाव काही सुटलं नाही. शेजारीपाजारी, दूधवाला, इतकंच काय, सख्खा मेहुणासुद्धा त्यांना साहेबच म्हणायचा. निवृत्त माणसानं स्वतःच्या हातानं काहीतरी करावं असं कुठंतरी वाचून त्यांनी कागदकामाचं सामान आणलं. आणलं म्हणजे सगळंच आणलं: लांब पात्याची कात्री, आखूड पात्याची कात्री, नागमोडी कापणारी कात्री, कटर, त्याची सुटी पाती, खाली अंथरायची हिरवी मॅट, स्टीलची पट्टी, घडी दाबायची हाडाची पट्टी, भोकं पाडायचा पंच, दाभण, तीन जातींचा डिंक आणि त्याचे ब्रश. (कागद तेवढा राहिला. घरी पोचल्यावर लक्षात आलं.)

एवढा पसारा बघून वहिनींनी एकच गोष्ट मागितली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक उघडाबोडका बल्ब लोंबत होता. संध्याकाळी भाजी चिरायला बसलं की तो नेमका डोळ्यांत घुसायचा आणि मग झोपेपर्यंत कपाळ ठणकायचं.

"अहो, एवढं आणलंय, तर त्या मेल्या बल्बला कागदाची टोपी करून द्या ना!"

"टोपी नाही, शेड म्हणतात त्याला," साहेब म्हणाले. "आठ दिवसांत करून देतो."

बायकोसाठी स्वतःच्या हातानं काही करायचं साहेबांनी कबूल केलं, असा लग्नानंतरचा हा पहिलाच प्रसंग. वहिनी हरखल्या. बहिणीला फोन करून त्यांनी ते सांगितलंसुद्धा. आठ दिवसांचाच प्रश्न होता, म्हणून तोवर त्यांनी मुलाची शाळेतली जुनी टोपी काढली, पुढची झाप डोळ्यांवर ओढली आणि भाजी चिरायला बसल्या.

त्याच आठवड्यात साहेबांना मंडळ भेटलं.

'कागदकला साधन जतन मंडळ' ही अत्यंत शिस्तीची संस्था होती. अध्यक्षपदी दातांचे निवृत्त डॉक्टर, चिटणीस एका शाळेतल्या भूमितीच्या बाई, आणि तांत्रिक सल्लागार म्हणून एक घड्याळजी, ज्यांचं भिंग एका डोळ्यात कायमचं बसलेलं असायचं. नियम थोडे पण चोख होते. कागदाच्या कात्रीनं कागदाखेरीज काहीही कापू नये, हा पहिला. दुसरा त्याहून खोल: कागदही शक्यतो कापू नये, कारण कागदात बारीक भुकटी असते आणि तिनं धार मरते. कात्रीच्या खिळ्यात दर सोमवारी तेलाचा एक थेंब सोडावा आणि लगेच पुसावा, नाहीतर कागदाला डाग पडतो. (कागद जवळ येण्याचा संभव नाही, पण नियम तो नियम.) मॅट आडवी ठेवावी, उन्हात ठेवल्यास वाकते. एका साधनावर एका वेळी एकाच माणसाचा हात असावा, हा सातवा नियम. कारण प्रत्येक हाताला साधनाची वेगळी सवय लागते, असं भूमितीच्या बाईंनी सिद्ध केलं होतं.

मंडळाच्या पाहणीनुसार सभासदांच्या कात्र्यांपैकी शेकडा अठ्ठ्याण्णव कात्र्यांची धार शाबूत होती. उरलेल्या दोन टक्क्यांत एकच सभासद होता, आणि त्यानं नातीला कागदाची होडी करून दिली होती. होडीला कात्री लागतच नाही, असा बचाव त्यानं केला. पण जो आज होडी करतो तो उद्या काय करील याचा नेम नाही, म्हणून त्याला काढण्यात आलं. तेव्हापासून प्रमाण शेकडा शंभर आहे.

साहेब रमले. खरं सांगायचं तर कचेरीतून सुटल्यापासून सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न त्यांना खात होता, तो सुटला. सोमवारी तेल, मंगळवारी पात्यांवरचा चिकटा स्पिरिटनं पुसणं, बुधवारी पंच. पंच सुरळीत चालावा म्हणून त्यात मेणकागद घालून भोकं पाडतात. हा वापर ठरतो की काय, अशी शंका साहेबांनी बैठकीत काढली, तेव्हा 'देखभालीसाठी केलेला वापर हा वापर नव्हे' असा ठराव एकमतानं झाला. साहेबांनी मग मेणकागदाला इतकी भोकं पाडली की टिकल्यांनी एक बरणी भरली. बघणाऱ्याला वाटावं, माणूस कामात किती गढलाय!

"शेडचं काय झालं?" वहिनी अधूनमधून विचारायच्या.

"पावसाळी हवा आहे. कागद फुगतो."

हिवाळ्यात डिंक दाटायचा. उन्हाळ्यात हाताला घाम यायचा, आणि घामानं स्टील गंजतं हे कुणालाही माहीत आहे. असे ऋतूमागून ऋतू गेले. वहिनींची पहिली टोपी विरली. त्यांनी दुसरी काढली. ती विटली, तेव्हा बहिणीनं आपल्या घरची एक पाठवली आणि फोनवर विचारलं, "झाले का गं आठ दिवस?" साहेबांचं कपाट मात्र आरशासारखं लखलखत होतं. (मधल्या काळात सकाळच्या चहाची कपबशी साहेबांच्या हातात किणकिणू लागली होती. साहेबांच्या मते कपबशी जुनी झाली होती.)

यंदा डॉक्टरांची मुदत संपत होती. नवा अध्यक्ष वार्षिक तपासणीवरून ठरणार होता: ज्याच्या साधनांवर वापराची एकही खूण सापडणार नाही, त्याला खुर्ची. साहेबांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. त्यांनी नवा सदरा शिवायला टाकला आणि भाषण पाठ करायला घेतलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी घोळ झाला. वहिनी भाजी चिरत होत्या, तिसरी टोपी घसरली, बल्ब डोळ्यांत घुसला आणि सुरी बोटात. बोटाला चिंधी गुंडाळून थोडा वेळ त्या बल्बकडे नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब घोरत असताना त्यांनी चहाचं आधण ठेवलं, कपाट उघडलं, गेल्या वर्षाचं निळं कॅलेंडर भिंतीवरून उतरवलं आणि मॅट अंथरली. पट्टी लावून कापलं, हाडाच्या पट्टीनं घड्या दाबल्या, पंचानं भोकं पाडून दोरा ओवला. चहा उकळला तेव्हा शेड बल्बवर होती. मग त्यांनी सगळी साधनं पुसून, तेलाचा थेंबही सोडून, जागच्या जागी ठेवली आणि टोपी कचऱ्यात टाकली.

साहेब उठून आले तर टेबलावर मऊ उजेड.

"कुठून आणलीस?"

"मिळाली."

"बरं झालं," साहेब मनापासून म्हणाले. "म्हणजे आता मला घाई नाही."

वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जागीच वरमला असता. साहेब चहा प्यायले.

तपासणी समिती संध्याकाळी आली. बाहेरच्या खोलीत उजेड कमी, म्हणून सगळे स्वयंपाकघरातच बसले. "व्वा, वहिनी, इथं काय सुरेख उजेड पडतो हो! डोळ्याला त्रास म्हणून नाही," डॉक्टर म्हणाले. त्या सुरेख उजेडात घड्याळजींनी कात्रीच्या खिळ्याशी भिंग नेलं, आणि त्यांचा श्वास अडकला. चिमट्यानं त्यांनी काहीतरी उचललं. केसाहून बारीक, निळं. कागदाचा तंतू!

तिघांनी आळीपाळीनं तंतू पाहिला. मग तिघांनी एकदम वर पाहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो साहेबांच्या चेहऱ्यावर दाटून आला.

"मी केली," वहिनी म्हणाल्या. "कात्री चांगली चालते. काय लोणी कापल्यासारखं!"

भूमितीच्या बाईंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. डॉक्टरांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यभर ज्या आवाजात ते रोग्यांशी बोलत आले त्याच आवाजात म्हणाले, "काढावं लागेल." साहेबांना मंडळातून काढण्यात आलं. जाताना तिघंही वहिनींच्या हातचा चहा मात्र पिऊन गेले.

"माझं नाक कापलंस," साहेब म्हणाले.

"चला, कात्रीचा काहीतरी उपयोग झाला."

साहेब रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी वहिनींनाच दया आली. कोऱ्या कागदाचा मोठा ताव आणून त्यांनी साहेबांसमोर ठेवला. "हे बघा, बट्टा लागायचा तो लागला. आता बाहेरच्या खोलीसाठी एक तुम्ही करा. मला तुमच्या हातची हवीय, अहो. तेव्हाही तीच हवी होती."

आणि साहेबांना, काय सांगावं, एकदम हलकं वाटलं. अध्यक्षपद गेलं, धास्ती गेली, आता कुणी भिंग घेऊन येणार नव्हतं. त्यांनी मॅट अंथरली, पट्टी ठेवली, कटर घेतला आणि ओढला. रेघ दोन बोटं सरळ गेली आणि मग गोगलगाय चालल्यासारखी भलतीकडे वळली. त्यांनी पातं बदललं. पुन्हा तेच. त्यांनी पट्टी तपासली, मॅट तपासली, पातं उजेडात धरून पाहिलं. सगळं उत्तम होतं. पात्याचं टोक तेवढं हवेत थरथरत होतं. कपबशीचा काही दोष नव्हता.

इतक्या वर्षांत प्रत्येक खिळ्याला तेल मिळालं होतं. बोटांना कुणी विचारलं नव्हतं. साहेबांना रडू फुटलं. अगदी लहान मुलासारखं, नाक वाहेपर्यंत.

वहिनींनी चिंधी बांधलेला हात साहेबांच्या हातावर ठेवला. "मी धरते, तुम्ही ओढा." पातं निघालं. करकर आवाज करत, चांगलं वीतभर, सरळच्या सरळ. साहेब डोळे पुसायचे विसरून बघत राहिले.

मग त्यांना सातवा नियम आठवला. एका साधनावर एकाच माणसाचा हात. त्यांनी हात काढून घेतला, कटर पुसला, पायांत चपला सरकवल्या आणि तडक डॉक्टरांचं घर गाठलं.

"माझ्याकडून साधनं वापरली जाण्याचा धोका," त्यांनी उजवा हात पुढे करून सांगितलं, "आता कायमचा टळला आहे."

डॉक्टरांनी तो थरथरता हात बराच वेळ निरखला. घड्याळजींना बोलावलं, त्यांनी भिंगातून पाहिला. भूमितीच्या बाईंनी थरथरीचा कोन मोजला आणि समाधानानं मान हलवली. असा सभासद मंडळाला आजवर लाभला नव्हता! बाकीचे सगळे न वापरण्याचा नुसता निश्चय करत होते, आणि निश्चयाचा काय भरवसा? वहिनी पुन्हा कपाटाजवळ गेल्या तर, या प्रश्नावर कुलूप बसवण्याचा ठराव झाला. त्याच दिवशी साहेबांची तहहयात अध्यक्षपदी एकमतानं निवड झाली. नवा सदरा कामी आला. कुलपाची किल्ली साहेबांच्या खिशात असते. ती लावायला मात्र घड्याळजी येतात.

बाहेरच्या खोलीतला बल्ब अजून उघडाच आहे. वीतभर कापलेला तो ताव वहिनींनी काही दिवस तसाच टेबलावर ठेवला होता. मग एका सकाळी त्यावर त्यांनी भाजी निवडली.

साधनांची निगा कशी राखावी हे ज्यांना शिकायचं असेल त्यांनी साहेबांचं कपाट एकदा जरूर पाहावं. आणि तुम्ही मघापासून हसताय, ते चालू द्या. तुमच्याही घरात असं एक कपाट आहे. त्यात काय ठेवलंय ते मला ठाऊक नाही. ते निवांत वेळ मिळाला की काढायचं आणि कुणाला तरी काहीतरी करून द्यायचं ठरलंय, एवढं ठाऊक आहे. वस्तूची काळजी करू नका, ती उत्तम स्थितीत असणार. फक्त उद्या सकाळी चहा घेताना बशीवर किणकिण ऐकू आली, तर घाबरून जाऊ नका. कपबशी जुनी झाली असेल.