आमच्या गावाचे रोगप्रमाण

कोणत्याही प्रदेशाचे आरोग्य तेथील हवा, पाणी किंवा अन्न यांवर अवलंबून नसते. ते तक्त्यावर अवलंबून असते. तक्त्यात जितके रकाने असतील तितकेच रोग माणसाने होऊ द्यावेत. त्याहून अधिक होणे हे बेशिस्तीचे लक्षण होय. हे सत्य आमच्या गावाला १९५८ साली पटले. ते पटवण्यात माझाही थोडा हात होता, कारण तक्ता मी भरला होता.

आमचे गाव मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या काठी. लोकवस्ती चारशे बारा (म्हशी वगळून). त्या वर्षी फाल्गुनात मुंबईहून ‘प्रादेशिक रोगप्रमाण, भूल व वनौषधी संशोधन समिती’ आली. तीन विषयांना मिळून एकच समिती, कारण जीप एकच होती. समितीचे प्रमुख डॉक्टर हरिश्चंद्र हे अत्यंत सज्जन गृहस्थ. शाळेच्या पडवीत गाव जमवून त्यांनी सांगितले, की या किनाऱ्यावर शस्त्रक्रियेची एक खोली बांधायची आहे. टेबल, मोठा दिवा आणि भूल देण्याचे यंत्र यांसकट. ज्या गावात शंभरात बाराहून अधिक माणसे आजारी निघतील, त्या गावाला ती मिळेल.

गावाने टाळ्या वाजवल्या. सर्वांत मागे उभ्या असलेल्या महादू पाडेल्याने वाजवल्या नाहीत, कारण त्याचा एक हात जांघेवर दाबलेला होता.

पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. महादू दिवसाला चाळीस माड करी. तीन वर्षांपूर्वी त्याला अंतर्गळ झाला होता. एक माड उतरला की तो खाली उताणा पडे, बाहेर आलेला गोळा हाताने आत लोटी आणि दुसऱ्या माडाकडे जाई. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत होते. म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नसे. शस्त्रक्रिया हाच त्यावर इलाज, हेही सर्वांना माहीत होते. त्यामुळे खोली आपल्याकडे येणार आणि महादू सुटणार, असे मी मनाशी ठरवून टाकले.

मोजणीचे काम शाळामास्तराकडे आले. जनगणना, मतदारयादी, गुरे आणि रोग ही सर्व मुलांच्या शिक्षणाचीच अंगे आहेत, असे शिक्षणखात्याचे धोरण आहे. मला दोन रकाने देण्यात आले: ‘बरा’ आणि ‘आजारी’. शेऱ्यासाठी जागा नव्हती (कागदाची टंचाई).

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्या भागात कोणी प्रकृती विचारली, की ‘बरां आसा’ म्हणतात. आजाराचे नाव तोंडातून काढले, तर तो आपल्याला बोलावले असे समजून ओट्यावर येऊन बसतो, अशी समजूत आहे. शिवाय दारी आलेल्या माणसापुढे दुखणी मांडणे म्हणजे त्याला चहाऐवजी काढा पाजणे. रीत चांगली आहे. मी स्वतः ती चाळीस वर्षे पाळत होतो.

पहिले घर राधाबाईंचे. त्या भर दुपारी दोन गोधड्या पांघरून थडथडत होत्या.

“बरां आसा, गुरुजी,” त्या दातावर दात आपटत म्हणाल्या. “वायच थंडी वाजता, इतक्याच. चाय घेतल्यात?”

मी ‘बरा’त खूण केली.

दुसरे घर सरपंच जयरामभाईंचे. ते म्हणाले, “माका काय धाड भरली हा? तुमी त्या शेजारच्याक विचारा. रात्रभर खोकता मेलो, आमका झोप नाय.” शेजारी म्हणाला, “मी बरो आसंय. त्या जयराम्याचीच दमेकरी छाती वाजता, ती तुमका खोकल्यासारखी ऐकू येता.” दोघेही ‘बरा’त गेले.

महादूच्या दारात त्याची बायको सुगंधा उभी होती. “तेंका काय झाला? बरे आसत,” ती म्हणाली आणि पदराने तोंड पुसत आत पाहू लागली. आतून महादूच बाहेर आला.

“गुरुजींनु, लिवू नकात हां,” तो हळूच म्हणाला. “पाडेल्याक दुखणा आसा असा सरकारी कागदार इला, तर माका माडार कोण चढवतलो? पडलंय तर नाव माडवाल्यांचा खराब.”

“अरे, पण लिहिलं तर खोली येईल. तुझ्यासाठीच येईल.”

“खोली येयत तेव्हा येयत. चूल आज पेटाक होयी. बरो आसंय म्हणान लिवा.”

मी लिहिले. एका माणसाने शंभराचे गणित बदलत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. हीच समजूत चारशे बारा ठिकाणी घातली गेली असावी. शेवटची ओळ माझी स्वतःची होती. तीन महिने माझ्या गुडघ्यात पाणी होते. मी ‘बरा’त खूण केली आणि भिंत धरून उठलो.

टक्केवारी काढायला मी हे गणित चौथीच्या वर्गाला दिले. शून्य भागिले चारशे बारा, गुणिले शंभर. संपूर्ण वर्गाचे उत्तर एकदम बरोबर येण्याचा माझ्या नोकरीतला हा एकच प्रसंग. सर्वांनी पाट्या उंच धरल्या. फक्त महादूच्या दुर्गेने धरली नाही.

“गुरुजी, माझ्या बापाशीक खंय धरलात?”

“‘बरा’ या रकान्यात, बाळ.”

“मगे तो कण्हता कित्याक?”

मुलांच्या शंकांना शांतपणे उत्तर द्यावे, या मताचा मी आहे. मी तिला समजावले, की कण्हणे हा रोग नसून आवाज आहे, आणि आवाजाला रकाना नाही. नंतर तिने थुंकी लावून शून्य पुसले. उत्तर बरोबर असूनही ते पुसल्याबद्दल मी तिचा एक गुण कापला.

रोगप्रमाण शून्य पाहून मुंबईत खळबळ उडाली. खोली अर्थातच आम्हाला मिळाली नाही. ती खाडीपलीकडच्या गावाला गेली, जिथे प्रमाण तेरा टक्के निघाले होते (तिथले मास्तर शेजारणींना एकमेकींच्या प्रकृती विचारत, यालाच शास्त्रीय पद्धत म्हणतात). पण ज्या गावात एकही रोगी नाही, त्या गावात काहीतरी रहस्य असले पाहिजे, असा समितीने तर्क केला. भाद्रपदात जीप पुन्हा आली, या वेळी वनौषधींसाठी.

आमच्याकडे झाडपाल्याचे औषध काशीबाई देत. गुण येई, एवढे खरे. मात्र झाडाचे नाव सांगितले की गुण जातो, हा त्या विद्येचा पहिला नियम.

“सायबानु, पालो होयो तर न्हेवा,” काशीबाई म्हणाल्या. “नाव इचारू नकात.”

डॉक्टर हरिश्चंद्र सज्जन असल्याने त्यांनी नाव विचारले नाही. काशीबाई जिथे जिथे वाकल्या, तिथले सगळे उपटले. एकूण एकसष्ट वनस्पती वर्तमानपत्रांत दाबून, प्रत्येकीला एक लांबलचक परदेशी नाव देऊन त्यांनी ती नावे खळ्यात उभे राहून मोठ्याने वाचली. काशीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतली.

“झाला,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचो गूण गेलो.”

त्या दिवसापासून त्यांनी औषध देणे बंद केले. एका आठवड्यात एकसष्ट औषधांचे निर्मूलन झाले. एवढा वेग रोगांच्या बाबतीत अजून कोणाला साधलेला नाही.

राहिला विषय भुलेचा. समितीने चौदा गावकऱ्यांची गळवे आणि दाढा भूल न देता काढल्या आणि प्रत्येकाला ऐन वेळी विचारले, “दुखतं का?” पाहुणा एवढ्या लांबून आलेला, त्याला वाईट वाटू नये म्हणून चौदाही जण ‘नाय’ म्हणाले. जयरामभाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. त्यांनी खुलासा केला, की चुलीचा धूर गेला. (चूल एक फर्लांगावर होती आणि विझलेली होती.) निष्कर्ष छापील अहवालात आहे: ‘या किनाऱ्यावरील लोकांस वेदना जात्याच कमी होतात. सबब तेथे भुलेचे औषध नेहमीच्या एक तृतीयांश पुरेल.’ त्याप्रमाणे पलीकडच्या खोलीला पुरवठा होऊ लागला. बचतीबद्दल समितीचे कौतुक झाल्याचे ऐकिवात आहे.

पुढच्या वर्षी मिरगाच्या आधी, छत्तिसाव्या माडाखाली महादूचा गोळा आत जाईना. तो हिरवा पडला, ओकू लागला. सुगंधाने काशीबाईंचे पाय धरले. काशीबाई म्हणाल्या, “गो बाय, पालो आसा, पण तेचा आता नाव आसा.” आम्ही महादूला होडीत घातले. सुगंधा, जयरामभाई आणि मी बरोबर होतो. खोली खरोखरच सुंदर होती. टेबल, मोठा दिवा, यंत्र, सगळे होते. आत डॉक्टर हरिश्चंद्रच होते. त्यांची नेमणूक तिथे झाली होती. बाटलीवर तीन समान भागांच्या खुणा होत्या. त्यांनी पहिल्या खुणेपर्यंत औषध वापरले आणि बूच लावले.

मला दाराशी उभे राहू दिले. पाऊण तास मी महादूच्या पायांची बोटे पाहत होतो. माड आवळून धरावा, तशी ती हवेत आवळलेली होती. सुगंधाने त्याच्या दातांत पंच्याची घडी दिली होती. नंतर उलगडून पाहिली, तेव्हा त्या पंच्याचे तीन तुकडे निघाले. टाके घालताना डॉक्टरांनी मायेने वाकून विचारले, “महादू, दुखतं का रे?”

महादूने तोंडातली घडी काढली. डॉक्टर लांबून आलेले होते, आणि त्यांनी जीव वाचवला होता.

“बरां आसा, सायबा,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी सहायकाला खूण केली. पंधरावी नोंद. संशोधनाला पुष्टी मिळाली.

महादू जगला. माडावर मात्र पुन्हा चढला नाही. दुर्गेने पाचवीची पाटी परत केली आणि ती काजू सोलायला जाऊ लागली. काजूच्या चिकाने हाताची सालडी निघतात. परवा वाटेत भेटली. मी विचारले, “कशी आहेस गो?”

तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. “बरां आसा, गुरुजी,” ती म्हणाली. चौथीत असताना तिला ही रीत ठाऊक नव्हती; शिकवले की मुले शिकतात.

त्या अहवालाची सुधारित आवृत्ती निघणार असून मोजणी पुन्हा माझ्याकडेच आली आहे. या वेळी क्षेत्र वाढवले आहे; वाचणारेही त्यात धरायचे आहेत. तेव्हा जाता जाता, तुमची प्रकृती कशी आहे?

वाटलेच मला. लिहून घेतो.