पडद्यावरची पहिली ओळ

“सुगंधा, नवीन माहिती आणायच्या आधी पडदा पुसायचा. प्रोग्रॅम चालू असतानाच, त्याच्या पोटातून. सी-एल-एस, तीन अक्षरांचा हुकूम! पाटी न पुसता दुसरं गणित मांडतं का कुणी?”

घाटकोपरच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या रतनसरांचं हे वाक्य सुगंधाच्या कानात पक्कं बसलं होतं. “पुसेन, सर,” असा शब्दही तिने दिला होता. पण तेव्हा तिला मुलुंडच्या वधू-वर सूचक मंडळात नोकरी लागायची होती आणि पडद्यावर पहिली ओळ ‘श्री गणेशाय नमः’ लिहायची होती.

लिहिली. इंग्रजी अक्षरांत, पण मनोभावे. मग सी-एल-एस चालवलं, आणि श्रीगणेशासकट सगळं काळंकुट्ट! लग्नपत्रिका जुनी झाली तरी रद्दीत न टाकणारी ही मुलगी. दिवसातून शंभर वेळा देवाचं नाव पुसायचं? तिने सी-एल-एस काढून टाकलं. पहिली ओळ राहू दे, नवीन माहिती दुसऱ्या ओळीपासून जुन्यावरच उमटू दे. घरच्या चौघांची नावं घालून पाहिली. प्रत्येकाच्या चारच ओळी, बरोबर एकावर एक बसल्या. देव पावला.

मंडळाचे सेक्रेटरी दत्तारामकाका मात्र अजून पावले नव्हते. “हे बघ, एक महिना ट्रायल. एक तक्रार आली ना, की मशीन परत. आणि मग तुझं काय काम, तूच सांग!” वहीत चाळीस वर्षं काढलेला माणूस.

विसाव्या दिवशी शकू नावाच्या मुलीची माहिती पडद्यावर आली. तोवर सगळ्यांच्या चारच ओळी होत्या, हिच्या मात्र आईने हौसेने सांगितलेल्या बारा. तिच्यानंतर आला नंदू. मुलाच्या बापाने काय सांगायचं? नाव, वय, उंची, नोकरी. चार ओळी संपल्या. खालच्या आठ शकूच्याच राहिल्या. काकांनी चष्मा पुसून सगळं नंदूचंच समजून चिठ्ठीवर उतरवलं आणि भांडुपच्या जानकीबाईंना, त्यांची मुलगी प्रेमा हिच्यासाठी, धाडून दिलं.

रविवारी मंडळाच्या खोलीत दोन्ही घरं समोरासमोर बसली. पोहे आले. जानकीबाईंनी नंदूकडे कौतुकाने पाहिलं.

“मोदकाला कळ्या किती घालता?”

नंदूने बशी खाली ठेवली. “मी... खातो. मोजले नाहीत कधी.”

“इश्श, लाजतात! तसं लिहिलंयच, स्वभाव लाजाळू. बरं, पेटी आणलीय शेजारून. जरा वाजवून दाखवा ना!”

“पेटी?”

“आणि एक विचारू? रागावू नका. सणावाराला नऊवारी नेसायची तयारी आहे म्हणता, ती मनातून की नुसती आमच्यासाठी?”

नंदूचे वडील खंडूशेठ ताडकन उठले. “ओ बाई! पोराची मस्करी करायला बोलावलंत काय आम्हाला?”

“मी कशाला मस्करी करू? ही बघा चिठ्ठी!”

सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काका घामाघूम. “जे पडद्यावर होतं तेच लिहिलं मी. अक्षर माझं, पण म्हणणं मशीनचं. पाठवतो परत उद्याच!”

कोपऱ्यातून अगदी हळू आवाज आला. “मशीनचं नाही, काका. चूक माझी आहे.” सुगंधा उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, “श्रीगणेशा पुसायला हात धजला नाही हो.”

जानकीबाई एकदम मालवणीत शिरल्या, “गे बाये! घरचो गणपती आम्ही वरसानुवरस पाण्यात सोडतो. ता काय पुसणा झाला? परत बसवतोच मा?”

खंडूशेठ नकळत खाली बसले.

काकांनी वही उघडली. “मग खंडूशेठ, तक्रार लिहू?”

“बाबा, थांबा,” नंदू म्हणाला. तो मघापासून प्रेमाकडे बघत होता आणि प्रेमा हसू दाबून लाल झाली होती.

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “मला मोदक येत नाहीत. पोहेपण आईनेच केलेत. म्हणून तर चिठ्ठी वाचून आई नाचत होती.”

“प्रेमे!” जानकीबाई ओरडल्या.

“नारळ खवता येतो मला,” नंदू म्हणाला. “पेटीचं बघू नंतर.”

काकांनी वही मिटली.

माणसं गेली. सुगंधाने पर्समधून देवघरातल्या अक्षतांची पुडी काढली.

“कीबोर्डात नको हां, तांदूळ अडकतील!” काका दारातूनच ओरडले.

तिने दोनच दाणे पडद्याच्या डोक्यावर ठेवले, हात जोडले, आणि ‘पुनरागमनाय च’ पुटपुटत प्रोग्रॅममध्ये पहिल्या ओळीच्या आधीची जागा शोधून एकेक अक्षर दाबलं. सी. एल. एस. आणि त्याच्या लगेच खाली, दर पुसण्यानंतर पुन्हा श्रीगणेशा.