वावर हाललं

आमचे शेजारी फुलसिंगभाऊ शेताला ‘हालू नका’ म्हणतात. पुसदला बसस्टँडच्या मागे त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. उभं आयुष्य पासपोर्ट, लग्नं आणि बारशी काढण्यात गेल्यामुळे समोर कोणीही असो, तोंडातून तेच शब्द निघतात. एकदा मीही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून एका शेतावर गेलो होतो. भाऊंनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कॅमेरा रोवला, कपाशीच्या पऱ्हाटीकडे पाहिलं आणि अदबीनं म्हणाले, “हां, जरा हसा.” निंदणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. भाऊंनी तेवढ्यात फोटो काढून घेतला.

तेही सरळ काढतील तर शपथ. वारा सुटेपर्यंत थांबायचं आणि ऐन वाऱ्यात कॅमेराही हळूच फिरवायचा. निघायचे ते हिरवे-पिवळे ओघळ, वर एक निळा फराटा. ब्रश मारल्यासारखं सगळं. एक नवरदेव भिंतीवरचं ते चित्र पाहून म्हणाला, “भाऊ, तुमचा फोटो हालला.”

“फोटो नाही हालला बाबू. वावर हाललं. हवा होती ना!”

नवरदेवानं लग्नाची ऑर्डर दुसरीकडे दिली.

मग त्या चित्रावर अंगठ्यानं माती चोळायची. तीही त्याच शेतातली. “ज्याचा फोटो, त्याचीच माती. नाही त लबाडी होते,” असं त्यांचं म्हणणं. घरातले सगळे डबे मातीनं भरले. एकदा वहिनींनी चहापत्ती समजून तीच टाकली. मी तो चहा पिऊन छान झालाय म्हणालो, हे भाऊ अजून चारचौघांत सांगतात.

यवतमाळहून आलेला एक झुलपेवाला तरुण चित्रांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “ही समकालीन कला आहे.” भाऊ माझ्या कानाशी लागले, “मास्तर, हा चांगलं म्हून राह्यला का वाईट?”

कलेबिलेशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हे सगळं सुरू झालं ते आईपायी. ती पडली, तिला बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आणून वरच्या खोलीत ठेवलं. भाऊ तिला याडी म्हणतात, म्हणून आम्हीही. नजर अधू, पण गोष्टी सांगायला बसली की मला माझं राळेगावकडचं लहानपण आठवायचं. टोपल्यातली भाकर, मोहाखालची डुलकी, पाखरं हाकताना बसलेला घसा. शेवटी एकच मागणं, “मले माहं वावर दाखवा.”

आणि वावर तर रुंद झालेल्या रस्त्यात गेलं होतं. “तिले समजलं त जेवन सोडन ते, मास्तर,” भाऊ म्हणायचे. म्हणून दुसऱ्यांची शेतं, तीही अशी हलवून काढायची, की धुरा, झाड काही ओळखू येऊ नये. लबाडी करायची, पण माती मात्र इमानानं त्याच शेतातली.

परवा भाऊ खाली स्कूटर लावत होते. नवं चित्र घेऊन मी वर गेलो. याडीनं ते डोळ्यांशी नेलं, कोपऱ्यावर अंगठा फिरवला, बोटांत माती चुरली.

“कोनाचं वावर हाय हे?”

“तुमचंच की,” मी म्हणालो. माझा चेहरा खोटं बोलण्याच्या कामाचा नाही.

“आमचं बरड होतं, मास्तर. लाल, खड्याचं. हे त काळी माती हाय. पयल्या फोटोपासून काळीच आनून राह्यला.” तिनं बोटं पदराला पुसली. “गेलं ना आमचं?”

मी होय म्हणून मान हलवली.

“त्याले सांगजा नोको. मले समजलं हे कळलं, त घरात रडत बसन तो.”

जिन्यावर पावलं वाजली. भाऊ आत आले, केसांत धूळ, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला.

“पाह्यलं का याडी आपलं वावर?”

“पाह्यलं रे बापू. औंदा लय चांगलं हाय.”

भाऊंचं तोंड असं फुललं की माझे डोळे भरून आले. मी खिडकीकडे वळलो. मागे याडी म्हणत होती, “अजून एक आनजो. पन घाई नोको करू. मधी-मधी सावलीत बसत जाय.”