मधली जागा आणि पाचवा गिअर

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता अनिरुद्धरावांच्या जुन्या अँबॅसडरला दुसऱ्या मॉडेलचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसून ती घरी आली. थोड्याच वेळात अंबुजाबाई बाहेर आल्या, त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला बसायला जागा राहिलेली नाही.

जागा म्हणजे मधली. या गाडीची पुढची सीट मुळात बाकासारखी सलग होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. लग्न होऊन अंबुजाबाई तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आल्या, तेव्हा गाडीतली व्यवस्था ठरलेली होती: चालवायला अनिरुद्धराव, डावीकडे खिडकीशी सासूबाई, कारण वारा लागला नाही तर त्यांना मळमळायचं, आणि मधे नवी सून. सासूबाईंदेखत नवराबायकोनं बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत. पण स्टिअरिंगखालचा दांडा दुसऱ्या गिअरला ओढताना चालवणाऱ्याचं कोपर शेजारी लागतंच, त्याला कोण काय करणार? त्या वर्षी तंजावूरच्या सपाट रस्त्यांवर ती गाडी जितक्या वेळा दुसऱ्या गिअरमध्ये गेली, तितक्या वेळा एखादी गाडी घाटातही जात नसेल. "आमचा अनिरुद्ध गाडी फार जपून चालवतो," असं सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत.

सासूबाई गेल्या, खिडकीची जागा मोकळी झाली, मुलगी हरिप्रिया लग्न होऊन तिरुच्चीला गेली. गाडीत दोघंच उरली, तरी अंबुजाबाई मधेच बसत. त्यावर कधी चर्चा झाली नव्हती.

गिअरबॉक्स बदलण्याची वेळ त्यांच्याच एका वाक्यानं आणली. तिरुच्चीचा रस्ता रुंद झाल्यापासून सगळे सुसाट जात आणि अँबॅसडर साठाच्या पुढे गेली की इंजिन किंचाळायला लागे. "तुम्हांस माझं काही ऐकूच येत नाही," अंबुजाबाई म्हणाल्या होत्या. "मी वल्लमला काय विचारते, त्याचं उत्तर तुम्ही तिरुच्चीला देता."

वीजमंडळातून निवृत्त झालेल्या माणसाला अशी तक्रार म्हणजे बिघाडाची सूचना. अनिरुद्धरावांनी वाचून काढलं. इलाज होता ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पाचवा गिअर. तो पडला की वेग तोच राहतो, पण इंजिनाला कमी फिरावं लागतं आणि आवाज खाली येतो. ते मेकॅनिक सुब्रमण्यमकडे गेले. सुब्रमण्यम कशालाच नाही म्हणत नसे.

"बसेल, सार! नंतरच्या मॉडेलचा बॉक्स भंगारात मिळतो. एकदा पाचव्यात टाका, तिरुच्चीपर्यंत गिअरला हात लावायला नको!"

त्यानंतर आठवडाभर फोन येत राहिले. गिअरबॉक्स इंजिनाला जुळत नाही, मधे जाड पट्टी घालावी लागेल. अनिरुद्धराव म्हणाले, घाला. नवा बॉक्स लांबीला जास्त आहे, मागचा शाफ्ट कापून आखूड करावा लागेल. कापा. जुन्या मीटरची केबल लागत नाही, वेग दिसणार नाही. चालेल. दांडा आता खालून येणार, तळाचा पत्रा कापायला हवा. कापा.

"सार, पत्रा कापला, पण वर सीट येते."

"मग तीही कापा. आता तेवढ्यासाठी थांबायचं काय?"

तर अंबुजाबाईंनी दार उघडलं तेव्हा दोन सुट्या सीटांच्या मधोमध, बरोबर त्यांच्या जागी, काळ्या मुठीचा दांडा उभा होता.

"हे काय?"

"गिअर."

"तो मज दिसतो. मी कुठे बसू?"

"ही काय डावीकडे अख्खी सीट आहे. ऐसपैस."

"तिथं तुमची आई बसत होती."

"अगं, आई जाऊन किती वर्षं झाली!"

"म्हणून काय झालं? त्यांच्या जागेवर मी जन्मात बसले नाही, आता तुमच्या गिअरसाठी बसू?" असं म्हणून त्यांनी पुढचं दार लावलं, मागचं उघडलं आणि मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसल्या.

तशीच दोघं मुलीकडे तिरुच्चीला निघाली. वाटेतलं वल्लम गाव सुटल्यावर अनिरुद्धरावांनी पाचवा टाकला. सुब्रमण्यमचं बोलणं खरं होतं. किंचाळणं थांबलं, गाडीत घरच्या ओसरीइतकी शांतता झाली.

"आता बोल," ते खुशीत म्हणाले. "सगळं ऐकू येतं."

"काय बोलू? पाठीशी बोलायची मज सवय नाही."

ते आरशात बघू लागले, तर त्यांना फक्त अंबुजाबाईंच्या केसांतला अबोलीचा गजरा दिसला. त्या मान वळवून शेतं बघत होत्या. पुढं कॉफीच्या दुकानापाशी गाडी थांबली. नेहमीचा, ओळखणारा पोऱ्या नव्हता, मालक स्वतःच आला आणि मागच्या काचेशी वाकून अदबीनं म्हणाला, "अम्मा, तुमची कॉफी इथं आणतो. ड्रायव्हरला तिकडं बाकावर देऊ?"

अनिरुद्धरावांनी तोंड उघडलं, पण मागून आधी उत्तर गेलं.

"तिकडंच द्या. साखर कमी घाला, त्यांस शुगर आहे."

तिरुच्चीला हरिप्रियाच्या इमारतीच्या वॉचमननं तर हात करून सांगितलं, मालकीणबाईंना दारात सोडा आणि गाडी मागं ड्रायव्हर लोकांच्या रांगेत लावा. हरिप्रिया हसून हसून सोफ्यावर आडवी झाली. "अप्पा, पगार तरी नीट देते काय अम्मा?" अनिरुद्धराव हसले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी पाचवा टाकलाच नाही. इंजिन किंचाळत राहिलं, तेवढीच सोबत.

शनिवारी सकाळी ते सुब्रमण्यमकडे हजर झाले. बरोबर अंबुजाबाईही होत्या, कारण त्यांचा आता कोणाच्याच सांगण्यावर विश्वास नव्हता.

"जुना बॉक्स परत बसवा."

"जुना? सार, तो गेला. तुम्हीच म्हणालात, घेऊन जा."

"कुठं गेला?"

"ओरत्तनाडूच्या श्रीनिवासरावांच्या गाडीत. बॉक्स मोडून किती वर्षं शेडमध्ये पडून होती बिचारी!"

श्रीनिवासराव जमीनदार होते आणि नात्यातले नसले तरी मराठी बोलणारे, म्हणून अनिरुद्धरावांनी तिथूनच आशेनं फोन लावला. पलीकडून आनंदी आवाज आला. "परत? अय्यो, काय बोलता! काल आमची वरलक्ष्मी गाडीत बसली आणि चक्क गाणं म्हणाली. तिचं गाणं मी आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. मागा तुम्ही काय मागायचं ते, गिअरबॉक्स नका मागू!" आणि त्यांनी मागून गाण्याचा आवाजही ऐकवला.

अनिरुद्धरावांनी फोन खिशात टाकला. तेवढ्यात अंबुजाबाईंचं लक्ष सुब्रमण्यमच्या बुडाकडे गेलं. तो एका बुटक्या चौकोनी आसनावर बसून कुणाचं तरी कार्ब्युरेटर साफ करत होता. आसनाला हिरवं रेक्झिन होतं, आणि एका कोपऱ्यावर त्यांनी स्वतः घातलेले टाके.

"ही माझी जागा!"

"सीटचा कापलेला मधला भाग, अम्मा. वाया कशाला घालवायचा? खाली चार पाय लावले. फार मऊ आहे," सुब्रमण्यम उठून म्हणाला. "बसता?"

अंबुजाबाई बसल्या. पदर सावरून, गुडघे जुळवून, नेहमी गाडीत बसत तशा. त्यांनी उजवीकडे पाहिलं. तिथं ऑइलचा डबा होता. सुब्रमण्यम फडक्यानं हात पुसतच राहिला. अनिरुद्धराव विनाकारण गाडीचं बॉनेट उघडून आत बघू लागले.

"माझं चुकलं," ते बॉनेटमध्ये म्हणाले. "तुझं बोलणं ऐकू यावं म्हणून केलं मी."

"ठाऊक आहे मज," अंबुजाबाई म्हणाल्या. मग उठल्या. "ऐका. मधली जागा गेली. डावीकडची माझ्या सासूची, तिथं मी बसणार नाही. मागं बसले तर तुम्ही ड्रायव्हर होता. मग गाडीत राहिली किती जागा?"

"एकच," अनिरुद्धराव म्हणाले. "माझी."

"सरी, मग ठरलं. किल्ली द्या."

"तुला चालवता कुठं येतं!"

"इतकी वर्षं शेजारी बसून बघितलं ते काय होतं? थोडं तुम्ही सांगा. तुमच्या आईच्या जागेवर तुम्ही बसा, तुम्हांस कोण नाही म्हणतं?"

ह्यात तर्काची चूक सापडेना, म्हणून अनिरुद्धरावांनी किल्ली दिली. शिकाऊ लायसन्स निघालं, गाडीच्या पुढंमागं लाल एल चिकटला. पहिले काही दिवस राजवाड्यामागच्या मोकळ्या जागेत गेले. खिडकीशी बसलेल्या अनिरुद्धरावांना मळमळायला लागलं, ते आईचा उल्लेख न करता काच खाली करू लागले. अंबुजाबाई मात्र अखंड बोलत होत्या: क्लचशी, कुत्र्यांशी, सायकलवाल्यांशी आणि अधूनमधून नवऱ्याशी.

आज सकाळी त्या पहिल्यांदाच मुख्य रस्त्यावर आल्या. शेवटचं कळलं तेव्हा अँबॅसडर राजवाड्याच्या फाटकासमोर आडवी बंद पडली होती, मागं टाउन बस आणि चार रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, बसचा कंडक्टर खाली उतरून अनिरुद्धरावांना "तुम्ही तरी चालवा" म्हणून विनवत होता, आणि अंबुजाबाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, उठायचं नाव घेत नव्हत्या.